चालू मशीनला हात नाही

असल्फ्याच्या चढावर आमची गाडी अडली की माणसं न बोलावता घराबाहेर येत. आधी पोरं, मग हातातलं काम टाकून बायका, आणि सगळ्यात शेवटी सल्ले घेऊन पुरुष. त्या रविवारी सकाळीही तेच झालं. इंजिन घसा ताणून ओरडत होतं, चाकं ढिम्म हलत नव्हती आणि मागे चाळीतली निम्मी माणसं डिकीला हात लावून जोर करत होती.

"वहिनी, भाऊंना सांगा सेकंड गिअर टाका! आम्ही लोटतो, मग एकदम क्लच सोडायचा!" शेजारचा चंद्रप्रकाश मागून ओरडला.

"अरे, या गाडीला क्लचच नाही! सोडतील काय, माझं डोकं?"

हे मी असल्फ्यात किती जणांना सांगितलं असेल कुणास ठाऊक. आमची गाडी ऑटोमॅटिक. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडी, ती खाली ओढायची, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवायचा आणि गाडी आपली आपण गिअर बदलत जाणार. डाव्या पायाला कामच नाही. लांबलचक, निळी, परदेशी बनावटीची. बॉनेटवरची नावाची अक्षरं मागेच कधीतरी गळून पडलेली. अशी गाडी आख्ख्या घाटकोपरात दुसरी नव्हती, आणि असली तरी ती निदान चालत असणार.

आमचे हे स्टिअरिंगला धरून बसले होते. लोक ढकलत होते ते यांना लाजेने सहन होत नव्हतं आणि नको म्हणायचीही सोय नव्हती. मग त्यांनी नेहमीप्रमाणे चावी फिरवून इंजिन बंद केलं. गाडी जरा वेळ तशीच राहिली आणि पुन्हा सुरू केल्यावर जणू काही झालंच नाही अशी सरळ चढ चढून गेली. मागे ढकलणारे दोघे तिघे तोंडावर आपटता आपटता वाचले.

"झकास!" चंद्रप्रकाश म्हणाला. "धक्क्यानेच गेली बघा."

माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. ट्रॉम्बेचं लग्न येत्या रविवारवर आलं होतं.

आता हे लग्न काय आणि ते माझ्या मानगुटीवर का बसलं, ते सांगायला हवं. आमचे हे, म्हणजे सहदेव, परळच्या एका मिलमध्ये ऑइलमन होते. मशिनांना तेल घालायचं काम. संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांसारखं आम्हालाही वाटलं, महिना दोन महिने. लालबागची खोली सोडून असल्फ्याला आलो तेव्हाही वाटलं, तात्पुरतं. मी साकीनाक्याला एका कारखान्यात इलेक्ट्रिकची बटणं खोक्यात भरायला जाऊ लागले. हे उंबऱ्यात बसायला लागले. सकाळी मी निघताना उंबऱ्यात, संध्याकाळी आले तरी उंबऱ्यात. दाढी वाढलेली, चहा गार झालेला. माणूस घरात असून घरात नसतो म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. भांडावं तर भांडायलाही समोर कुणी नाही.

आणि एक दिवस मला न विचारता हे चेंबूरला गेले आणि मिलमधून मिळालेल्या पैशांत ही गाडी घेऊन आले. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाची होती, त्यांची मुलं परदेशी, चालवायला कुणी नाही. यांना तसं गाडी चालवणं येत होतं, सुट्टीच्या दिवशी मामाच्या टेम्पोवर जायचे. "लग्नाला भाड्याने देईन. नवरा-नवरीला अशी गाडी कुठे मिळणार?" म्हणाले. त्या दिवशी माझं जे तोंड सुटलं ते सुटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्या आधी उठले, दाढी केली, आंघोळ केली आणि बादली घेऊन गाडी पुसायला गेले. मी दारातून बघत राहिले. तेव्हाच मनात म्हटलं, ठेव बाई ती गाडी. मला गाडीचं काही नव्हतं. मला माझा माणूस उठून उभा राहिलेला हवा होता.

पण गाडीने आम्हाला सुखाने बसू दिलं नाही. थंड असताना राणीसारखी चालायची. थोडं अंतर कापलं, गरम झाली, की चालता चालता मध्येच इंजिन ओरडायला लागायचं आणि गाडी मात्र जागची हलायची नाही. गिअरबॉक्स धरतच नसे. भांडुपच्या एका लग्नात भर रस्त्यात अशी थांबली की नवऱ्या मुलाला मुंडावळ्यांसकट रिक्षात बसवून पाठवावं लागलं. त्या लोकांनी यांना काय काय ऐकवलं ते यांनी मला सांगितलं नाही, पण जेवले नाहीत यावरून कळलं.

त्यानंतर दोन दिवसांनी म्हणाले, "ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातलं लग्न घेतलंय. हरेश्वर नाखव्याच्या मुलाची वरात आहे. तेवढं बघतो. ते नीट झालं तर ठीक. नाही तर गाडी भंगारात आणि मी गावाला."

"किती दिवस?"

"दिवस कसले? आई एकटी आहे तिथे. आंब्याच्या कलमांकडे बघणारं कुणी नाही."

"आणि मी?"

"तुझी नोकरी आहे ना इथे," ते म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले.

संपात गावी गेलेली माणसं मी पाहिली होती. काही दिवसांसाठी म्हणून जातात, मग गणपतीपर्यंत थांबतो म्हणतात, मग शिमग्यापर्यंत, आणि मग पत्र यायचं बंद होतं. उंबरा सोडून ओटीवर बसायला जायचं, एवढाच काय तो फरक. आम्हाला मूलबाळ नव्हतं. असतं तर निदान त्याच्या ओढीने परत आले असते, असं मला वाटायचं. माझ्या ओढीने येतील की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. हे मनात आलं की हातातली बटणं चुकीच्या खोक्यात जात.

गाडीचं दुखणं काढायला आम्ही साकीनाक्याच्या अण्णांकडे जायचो. अण्णांनी या जातीच्या गाड्यांवर पूर्वी काम केलेलं. त्यांनी खाली शिरून पाहिलं आणि सांगितलं की गिअरबॉक्स चांगला आहे, फक्त कुठूनतरी थोडं थोडं तेल पाझरतं. हे तेल निराळंच, डाळिंबाच्या रसासारखं लाल. ते कमी झालं की गाडी धरत नाही, म्हणून वरचेवर पातळी बघून भर घालायची. अण्णा स्वतः तेल घालून द्यायचे तेव्हा गाडी दोन चार दिवस झकास चालायची. मग पुन्हा रडगाणं सुरू. मला तर अण्णांचाच संशय यायला लागला होता. एवढं साधं दुखणं असेल तर बरं का होत नाही? मुद्दाम अर्धवट सोडतो की काय हा माणूस?

कारण तेलाच्या बाबतीत आमच्या यांची कसूर मी मान्यच केली नसती. आयुष्य तेलात गेलेला माणूस. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडायचे ते पूजेला बसल्यासारखे. आधी चावी काढून खिशात. मग इंजिन पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं. मग मिलमध्ये वापरतात तसा सुताचा गुंता हातात घेऊन, इंजिनाच्या पार मागच्या अंगाला असलेल्या नळीतून तेल बघायची सळई ओढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची, उजेडात धरायची. सळईवर खूण असते, तेल तिथपर्यंत हवं. आमचं तेल नेहमी खुणेच्या वर निघे. मग हे थोडा वेळ विचार करत, आणि एका बारीक रबरी नळीने ओढून वरचं तेल डब्यात काढून ठेवत.

"जास्त झालेलं पण वाईट," ते म्हणत. "फेस होतो."

एकदा मी म्हटलं होतं, गाडी चालूच आहे, बघून घ्या ना पटकन, मला कामाला जायचंय. तर माझ्याकडे असं बघितलं की मी घाबरले. "चालू मशीनला हात नाही," एवढंच म्हणाले. मी हसण्यावारी नेलं नाही, कारण त्यामागे काय होतं ते मला ठाऊक होतं. यांच्या खात्यात काशीराम म्हणून यांचा सोबती होता, तोही ऑइलमनच. एका पाळीत मुकादमाने, म्हणजे जॉबरने, घाई केली की मशीन थांबवू नका, चालत्यावरच तेल द्या. काशीरामचा हात पट्ट्यात गेला. चार बोटं गेली. आमच्या लग्नात त्याने त्या, अंगठाच उरलेल्या हाताने माझ्या ओंजळीत अक्षता ठेवल्या होत्या. त्यानंतर तो गावी गेला तो गेलाच. हे त्याच्याबद्दल याहून जास्त कधी बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

तर त्या रविवारी, चढावर शोभा झाल्यावर, मी म्हटलं आज चेंबूरपर्यंत जाऊन येऊ. पुढच्या रविवारचा रस्ता तोच, एकदा रंगीत तालीम होऊ दे. घाटकोपर ओलांडेपर्यंत गाडी गुणी मुलीसारखी आली. पुढे एका इराण्याच्या हॉटेलाशी तिने पुन्हा तेच सुरू केलं. ओरडायचं आणि जागेवर राहायचं. त्यात रेडिएटरही तापला होता. बॅटरी नरम, बंद केली तर परत सुरू होईल याचा भरवसा नाही. म्हणून हे इंजिन चालूच ठेवून, दांडी न्यूट्रलला आणून, बॉनेट उघडून, हॉटेलातून पाणी आणायला गेले.

मी एकटी उभी. येणारे जाणारे बघत होते. एक टॅक्सीवाला जाता जाता "वाट लागली!" असं मोठ्याने म्हणून गेला. मला इतका राग आला, गाडीचा, टॅक्सीवाल्याचा, अण्णांचा, गावाकडच्या कलमांचा सुद्धा. म्हटलं बघू तरी या तेलाचं म्हणणं काय आहे. पदर खोचला, वाकले, हात लांब केला आणि ती सळई ओढली.

सळई कोरडी होती. टोकाला जेमतेम एक थेंब.

मला आधी कळेचना. सकाळीच तर खुणेच्या वर होतं, माझ्या डोळ्यांदेखत यांनी काढलं होतं. मी ती पदराने पुसली, परत घातली, परत ओढली. कोरडीच. तेवढ्यात पाठीमागून पाण्याचं भांडं पडल्याचा आवाज आला.

"हात काढ! गो, हात काढ भायर!"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रस्त्यावरची माणसं थांबली. हे धावत आले, मला खांद्याला धरून मागे खेचलं आणि आत हात घालून चावी बंद केली. चेहरा पांढरा पडला होता.

"अहो, तेल नाहीये आत. बघा!"

"थांब आता." ते हाशहुश करत उभे राहिले. इंजिन शांत झाल्यावर त्यांनी स्वतः सळई घातली आणि काढली. तेल खुणेवर होतं, लालभडक.

"आहे की," ते म्हणाले.

"आत्ता नव्हतं. चालू असताना नव्हतं."

"बंद केल्यावरच खरं दिसतं," असं म्हणून त्यांनी बॉनेट आपटलं. पण माझ्याकडे न बघता म्हणाले, हे मी मनात नोंदलं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता मी तरातरा अण्णांच्या गॅरेजवर गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते. "अण्णा, तुमचं तेल आहे का जादू? चालू असताना गायब आणि बंद केलं की हजर?"

अण्णा स्टुलावर बसून चहा पीत होते. ते हसले. "भाभी, हा गिअरबॉक्स असाच असतो. इंजिन चालू असलं की तेल सगळं वर फिरतं. बंद केलं की खाली उतरतं, मग सळईवर जास्त दिसतं. ते खोटं. इंजिन चालू ठेवूनच बघायचं."

"मग हे आम्हाला सांगायला तुम्हाला काय झालं होतं?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "कोण बोलतं नाही सांगितलं? पहिल्या दिवशी बोललो ना सहदेवभाऊला. नंतर पण बोललो. चालू इंजिनवर हात घालून दाखवलं सुद्धा."

"मग ते काय म्हणाले?"

"हो बोलले. पण जवळ नाही आले. तिकडे शटरपाशी उभे राहिले. मला वाटलं, शर्ट खराब होईल म्हणून." ते जरा थांबले. "मग मला विचारलं, बंद करून बघितलं तर किती जास्त दिसतं? मी बोललो, त्याचा नेम नाही. अंदाज नाही करायचा. तर मान हलवली आणि गेले."

मी शटरकडे बघत राहिले. हे तिथे कसे उभे असतील ते मला दिसलं. हात मागे बांधून, मान हलवत, सगळं समजल्यासारखं.

म्हणजे यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दर रविवारी सळई उजेडात धरून जो विचार चालायचा तो हा, की यातलं खरं किती आणि खोटं किती. अंदाजाने काढायचे आणि अंदाज चुकायचा. भांडुपला लोकांच्या शिव्या खाल्ल्या, गावी जायची भाषा केली, बायकोला सोडून जायला निघाले, पण मला भीती वाटते एवढे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. मला इतका संताप आला की अण्णांच्या समोरच डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या संतापाच्या तळाशी अशी माया दाटून आली की कारखान्यात परत जाऊन मी कितीतरी वेळ नुसतीच खोकी मांडून बसले होते.

घरी मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते त्याच दिवशी गावी गेले असते. दर दिवशी वाटायचं आज बोलू, आणि ताट वाढताना शब्द परत गिळायचे. झोप लागत नव्हती, भाजीला मीठ दोनदा पडत होतं. मधल्या एका संध्याकाळी यांनी मामाची पत्र्याची जुनी ट्रंक माळ्यावरून काढून पुसून ठेवली. मी ती बघितली आणि बघितली नाही असं केलं.

शनिवारी अण्णांकडून नवी बॅटरी बसवून आणि लाल तेलाचे दोन डबे घेऊन आल्यावर मी म्हटलं, "उद्या मी पण येणार."

"वरातीच्या गाडीत ड्रायव्हरची बायको? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. नाखव्याच्या घरचं लग्न बघायचंय मला."

त्यांनी फार ताणलं नाही. बहुतेक मनात म्हणाले असतील, शेवटचंच आहे, येऊ दे.

कोळीवाड्यातली वरात काय असते ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. ऊन उतरायला लागलं होतं, तरी रस्ता तव्यासारखा होता. मागच्या सीटवर नवरा मुलगा चंदर, डोक्याला टोपी, गळ्यात नोटांचा हार, घामाने निथळलेला. मी पुढे यांच्या शेजारी. गाडीपुढे ब्रास बँड आणि बँडपुढे सगळा कोळीवाडा. बायका अंगभर दागिने घालून, कमरेत हात घालून नाचत होत्या. दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे. बँड एका जागी रमला की वरात तिथेच. गाडीने मुंगीच्या पावलांनी मागोमाग सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. सरळ रस्त्याला धावायला केलेली गाडी ती, तिला असं रांगायला लावलं की आतलं तेल उकळणारच. मला बॉनेटवरची हवा थरथरताना दिसत होती. माझ्या पायांशी तेलाचा डबा होता आणि मी पायांनी तो घट्ट धरून बसले होते.

देवळाच्या अलीकडे वळणावर जरासा चढ लागला आणि इंजिन ओरडलं. गाडी हलली नाही.

यांनी आणखी पाय दाबला. आवाज बँडच्या वर गेला. नाचणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. चंदरची आत्या अंजनाबाई, भरदार बाई, ती खिडकीशी आली आणि टपावर थाप मारून म्हणाली, "ओ ड्रायवर, गारी बंद परली का? आमचा पोर पायी नाय जानार हां, सांगून ठेवते!"

यांचा हात चावीकडे गेला. मी तो धरला.

"बंद नाही करायची."

"मग बघणार कसं?"

"मी बघते."

"नाही." त्यांनी हात सोडवायला बघितला. "सुगंधा, सांगतोय ना, नाही."

"अण्णांनी तुम्हाला सांगितलं होतं," मी हळूच म्हटलं. "चालू इंजिनावर बघायचं म्हणून. मला माहीत आहे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं आता दार उघडून हा माणूस सरळ चालत जाईल, कोळीवाड्यातून, चेंबूरवरून, थेट गावापर्यंत. बाहेर बँड थांबला होता. मागे चंदर म्हणाला, "काय झालं यार?"

मग यांनी दांडी न्यूट्रलला आणली, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरले. चावी तशीच ठेवून. पुढे जाऊन त्यांनी बॉनेट उघडलं.

मी पदर घट्ट आवळून खोचला, डबा आणि नरसाळं घेतलं आणि बाजूने वाकले. इंजिन धडधडत होतं, गरम वाफ तोंडावर येत होती, पुढे पंख्याचा पट्टा दिसेनासा फिरत होता. मी उजवा हात आत घातला आणि त्याच क्षणी माझं डावं मनगट कुणीतरी पकडलं. हे होते. एक पाय गाडीच्या चाकाला लावून, अंग मागे टाकून असे उभे, की मी जरा घसरले तर मला मुळासकट उपटून काढतील. मी सळई काढली, पुसली, बघितली. कोरडी ठक्क. बारीक नरसाळं नळीत धरून तेल ओतायला एक हात पुरेना.

"अहो, सोडा जरा. दोन्ही हात लागतायत."

सोडलं नाही. "डबो माका दी," म्हणाले. त्यांनी मोकळ्या हाताने डबा घेतला, लांबूनच नरसाळ्यात धार धरली. मी नरसाळं सांभाळलं. धार जरासुद्धा इकडे तिकडे गेली नाही. तेलाचा हात तो. मी सळई घालून काढली, थोडं अजून म्हटलं, त्यांनी थोडं अजून घातलं. पुन्हा बघितलं. तेल खुणेला लागलं होतं.

"पुरे."

कोळणी भोवती कडं करून उभ्या होत्या. अंजनाबाईने माझ्या साडीवर उडालेलं लाल तेल बघितलं आणि बँडवाल्यांवर खेकसली, "काय बघत उभे रायलेत? वाजवा!"

आम्ही आत बसलो. यांनी दांडी खाली ओढली, गाडीला हलका झोका बसला आणि ती चढ चढायला लागली. तशीच, मुंगीच्या पावलाने, देवळापर्यंत. वाटेत आणखी दोनदा आम्ही उतरलो. दोन्ही वेळा माझं मनगट तसंच पकडलेलं होतं.

चंदरला उतरवल्यावर आम्ही खाडीकडच्या बाजूला गाडी उभी केली. हातात कोळणींनी दिलेले लाडू होते, ते तसेच राहिले. माझ्या मनगटावर पाच बोटं उमटली होती. हे ती बघत होते.

"काशीरामाच्या बाजूकच होतंय मी," ते म्हणाले. इतकं हळू की मला आधी पाण्याचा आवाज वाटला. "हाताएवढ्या अंतरावर. त्याका धरूक व्हयो होतो गो. मी धरूक नाय. मी मागे सरलंय."

इतकी वर्षं मी समजत होते की यांना स्वतःच्या हाताची भीती आहे. मी माझा तेलकट हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांच्या धुतलेल्या पँटवर डाग पडला आणि त्यांनी पडू दिला.

मग त्यांनी नाक पुसलं, इंजिन सुरू केलं आणि समोर बघत म्हणाले, "मे महिन्यात मुलुंडचं एक लग्न विचारतायत. तू येशील?"

"येईन," मी म्हटलं. "पण धरताना जरा हळू धरा."